दशावताराच्या जुन्या डीव्हीडी वाचवताना

दशावतार म्हणजे काय हे सिंधुदुर्गात वाढलेल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी एक गोष्ट आधी सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीपार्ट कोण करणार हे ठरतं, आणि मग रंगावर उभं राहिलं की सुचेल तसं बोलायचं, समोरच्याने टाकलेल्या शब्दाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. एखाद्या जत्रेत कर्ण आणि कृष्ण यांच्यात जे बोलणं झालं ते त्या रात्रीपुरतं, तेच दोघे पुढच्या गावात उभे राहिले तरी वेगळंच बोलणार. त्यामुळे कोणी शूटिंग केलेलं असेल आणि ती डिस्क गेली तर ते नाटक वहीतून परत उभं करू असं होत नाही, वहीच नसते.

माझे मोठे काका हौशी मंडळात राजपार्ट करायचे. 2016 साली ते गेले. 2005 ते 2010 या काळातल्या त्यांच्या नाटकांच्या डीव्हीडी काकीच्या कपाटात एका चेनवाल्या पाऊचमध्ये होत्या, एका नाटकाच्या दोन किंवा तीन, कारण रात्रभराचं नाटक एका डिस्कवर मावत नाही. ज्याने शूटिंग केलं त्याच्याकडे मूळ काही नाही. मिनी-डीव्ही कॅसेटवर शूट करायचं, कॉम्प्युटरवर घेऊन डीव्हीडी मारायची आणि तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची, तेव्हा बहुतेक शूटिंगवाले असंच करायचे, कॅसेटी काही स्वस्त नव्हत्या. म्हणजे जे काय आहे ते या पाऊचमध्येच.

काकीने एकदा टीव्हीवर लावून बघितलं तर दोन-तीनच चालल्या, बाकी कुठे अडकतायत, कुठे 'नो डिस्क'. चुलतभाऊ म्हणाला, "टाकून दी, यूट्यूबवर मस्त नाटकां आसत." नाटकं आहेत हो, पण काकांची नाहीत. मी पाऊच उचलून ठाण्याला आणला.

पहिलं काम म्हणजे काहीच न चालवणं. हे मुद्दाम सांगतो कारण सगळे उलटं करतात, डिस्क अडकली की दहादा आत-बाहेर करतात, दुसऱ्या प्लेअरमध्ये, तिसऱ्यात, आणि प्रत्येक वेळी बोटं लागतात, ट्रेमध्ये घासते. मी आधी सगळ्या डिस्क खिडकीच्या उजेडात तिरक्या धरून बघितल्या. खालच्या बाजूला जिथपर्यंत डेटा लिहिलाय तो भाग आणि कोरा भाग यांचा रंग थोडा वेगळा दिसतो, एक गोल रेघ दिसते, त्यावरून डिस्क किती भरलीय कळतं. या जवळपास सगळ्या कडेपर्यंत भरलेल्या. आणि सीडी असो की डीव्हीडी, लिहिणं आतून सुरू होतं आणि बाहेरच्या कडेकडे जातं. फुल स्पीडला मारलेल्या स्वस्तातल्या डिस्कचं बर्निंग कडेलाच सगळ्यात कच्चं असतं, हात लागतो तोही कडेलाच, आमच्याकडचा दमटपणाही तिथूनच शिरतो. म्हणजे प्रत्येक डिस्कची सुरुवात ठीक आणि शेवट गेलेला. दशावतारात शेवटाकडेच तर सगळं असतं, युद्ध, वध, मोठी भाषणं. याचा मला फार त्रास झाला.

सीडी आणि डीव्हीडीत एक फरक आहे तो माहीत असलेला बरा. सीडीमध्ये डेटाचा थर वर, लेबलच्या बाजूला असतो, त्याच्यावर फक्त लाखेचा पातळ थर. म्हणून सीडीच्या छापील बाजूला ओरखडा गेला तर डेटाच खरवडला जातो. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, डेटा मधे. त्यामुळे डीव्हीडीला वरच्या ओरखड्याची तेवढी भीती नाही, पण दोन चकत्यांमधला गोंद कडेला सुटायला लागला की खेळ खलास. पाऊचमधली एक अशी होती, कडेला नखाएवढा भाग पांढुरका झालेला. काही डिस्कवर गोल कागदी स्टिकर, गणपतीचा फोटो आणि मंडळाचं नाव छापलेलं. ते मी काढले नाहीत. ओढून काढताना डिस्क वाकते आणि अर्धवट फाटलेला कागद राहिला तर तोल जाऊन फिरताना थरथरते, त्यापेक्षा आहे तसा असू दे.

काहींवर बुरशीचे ठिपके होते. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने धुणं, नंतर साधं पाणी आणि जुन्या मऊ सुती कापडाने आतल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसणं. गोल गोल पुसायचं नाही. डेटा गोल फिरणाऱ्या रेघेत असतो, त्या दिशेने ओरखडा गेला तर सलग डेटा जातो, आडवा गेला तर थोडा थोडा जातो आणि तो ड्राइव्हला भरून काढता येतो. धुवून न गेलेल्या चिकट डागांना मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांचं नावही काढू नका, प्लॅस्टिक पांढरं पडतं. आणि टूथपेस्टने घासा असं सगळीकडे सांगतात, ते मी एकाही डिस्कवर केलं नाही. घासून प्लॅस्टिकवरची रेघ कमी दिसेल कदाचित, पण इथे अडचण रेघेची कमी आणि आतल्या शाईची जास्त होती. घरी मारलेल्या डिस्कमध्ये डेटा म्हणजे लेसरने भाजलेला रंगाचा थर असतो. तो फिका पडला तर वरून कितीही घासा.

मग ड्राइव्ह. लॅपटॉपला जोडायचा पातळ यूएसबी रायटर माझ्याकडे होता. त्यात निम्म्या डिस्क ओळखल्याच जात नव्हत्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या डेस्कटॉपमधले दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे साटा रायटर (साटा म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली जोडणी) आणले, सोबत यूएसबीचा कनेक्टर आणि वेगळा पॉवर सप्लाय, फार खर्च नाही. इथे एक गोष्ट अनुभवाने पक्की कळली की खराब डिस्क वाचणं हे डिस्कवर जितकं अवलंबून तितकंच ड्राइव्हवर. एक डिस्क पातळ ड्राइव्हमध्ये पूर्ण मेलेली, पहिल्या साटा रायटरमध्ये अर्धी वाचली आणि दुसऱ्याने त्यातलाच न वाचलेला भाग वाचून दिला. तीन ड्राइव्ह, तिघांचे लेसर वेगळे, तिघांचं डोकं वेगळं.

विंडोजमध्ये फाइल कॉपी करायला गेलं की एका ठिकाणी अडकतं, सायक्लिक रिडंडन्सी चेकची एरर देतं आणि अख्खी फाइल सोडून देतं. डीव्हीडी व्हिडिओची एकेक व्हीओबी फाइल, म्हणजे चित्र आणि आवाज ज्यात असतो ती, जवळपास एक जीबीची, म्हणजे एका खराब ठिकाणासाठी वीस-पंचवीस मिनिटांचं नाटक गेलं. म्हणून फाइल कॉपी करायचीच नाही, अख्ख्या डिस्कची इमेज काढायची, म्हणजे तिच्यावरचा सगळा डेटा जसाच्या तसा एका फाइलमध्ये उतरवायचा. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू वापरलं, ग्नू प्रोजेक्टमधलं आहे, फुकट आहे. दिसायला काळी स्क्रीन आणि आकडे, पण याच्याएवढं कामाचं मला दुसरं काही सापडलं नाही.

ते काय करतं तर डिस्क 2048 बाइटच्या सेक्टरमध्ये वाचत जातं, 4.7 जीबीच्या डीव्हीडीत असे सुमारे 23 लाख सेक्टर. जिथे अडलं तिथे हटून बसत नाही, ती जागा टिपून ठेवतं आणि पुढे उडी मारतं, सोपं ते सगळं आधी उचलून घेतं. शेतात पावसाच्या आधी उभं भात कापून घ्यायचं आणि पडलेलं नंतर वेचायचं, तसं. कुठला भाग मिळाला, कुठला राहिला याची नोंद एका छोट्या फाइलमध्ये राहते, तिला मॅपफाइल म्हणतात, आणि सगळी करामत या मॅपफाइलमध्ये आहे. काम मधेच थांबवा, कॉम्प्युटर बंद करा, दुसऱ्या दिवशी सुरू करा, ते फक्त राहिलेल्या जागा वाचायला जातं. ड्राइव्ह बदला, तीच इमेज आणि तीच मॅपफाइल द्या, ते राहिलेल्या जागा नवीन ड्राइव्हकडून मागून घेतं.

माझी पद्धत हळूहळू अशी बसली. पहिली फेरी खरवडणं (खराब जागा एकेक सेक्टर करून वाचणं) बंद ठेवून, फक्त जे सहज येतंय ते. मग दुसरी फेरी डायरेक्ट मोडमध्ये, म्हणजे मधला कॅशे टाळून थेट ड्राइव्हकडून वाचत, आणि एकेका खराब जागेला एक-दोन संधी. मग ड्राइव्हचा स्पीड कमी करून, लिनक्समध्ये इजेक्टच्या कमांडलाच स्पीडचा आकडा देता येतो, 4 दिला, काही ड्राइव्ह ऐकतात काही नाही. मग उलट्या दिशेने, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे, त्याने कधीकधी खराब पट्ट्याची पलीकडची बाजू मिळते. मग ड्राइव्ह बदलून परत. खराब डिस्कला रात्रभर लागायचं, ड्राइव्ह आतमध्ये फिरायचा, थांबायचा, टकटक करायचा, परत फिरायचा, आणि मी मधे मधे उठून 'रेस्क्यूड'चा आकडा बघायचो, 97.2 वरून 97.4 झाला की बरं वाटायचं. ड्राइव्ह फार तापला तर बंद करून गार होऊ द्यायचा.

आता इमेजमध्ये राहिलेल्या भोकांचं काय होतं ते सांगतो, कारण 99 टक्के म्हटलं की माणसाला वाटतं एक टक्का नाटक गेलं, आणि ते तसं नसतं. डीव्हीडीवर चुका दुरुस्त करण्याचा हिशोब 32 केबीच्या गठ्ठ्यावर चालतो, म्हणजे 16 सेक्टर मिळून एक गठ्ठा. त्याच्यात ठराविक मर्यादेपर्यंतच्या चुका ड्राइव्ह स्वतः भरून काढतो, आपल्याला कळतही नाही, मर्यादा ओलांडली की अख्खा गठ्ठा देत नाही. शूटिंगवाल्याने साधारण 5 एमबीपीएसला व्हिडिओ केलेला, त्या हिशोबाने 32 केबी म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. पण व्हिडिओ एमपेग-2 आहे, त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते, अर्ध्या सेकंदाने एक पूर्ण फ्रेम आणि मधल्या सगळ्या तिच्यावर टेकलेल्या. म्हणून विसाव्या भागाचं भोक पडलं तरी चित्र पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चौकोन चौकोन दिसतं. आवाजाचं तसं नाही. डॉल्बीचा आवाज 32 मिलिसेकंदांच्या स्वतंत्र तुकड्यांत असतो, एखाद-दोन गेले तर एक टिक ऐकू येते आणि पुढचा तुकडा स्वच्छ.

हे वाचून माहिती होतं, पण काकांच्या बाबतीत समोर बघितलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत पुढे सरकलो. कर्णाच्या नाटकाची शेवटची डिस्क, रथाचं चाक जमिनीत रुतलेलं, काका रंगावर गुडघा टेकून कृष्णाशी बोलतायत. चित्र पार गेलेलं, मुकुट आणि अर्धा चेहरा हिरव्या-जांभळ्या चौकोनांत, मधेच हात दिसतो, मधेच मागचा पडदा. पण आवाज अख्खा. पायपेटी थांबलेली, मृदंगावर नुसती बोटं फिरतायत, आणि काका विचारतायत की धर्माची आठवण आजच कशी झाली, सभेत तिचं वस्त्र ओढलं तेव्हा मी अधर्मी होतो हे मला मान्य, पण तू तेव्हा माझ्याशी बोलायला का आला नाहीस. असलं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्या रात्री त्यांना ते सुचलं. मधे चार-पाच ठिकाणी टिक ऐकू येते, एकही शब्द गेलेला नाही. ज्या नाटकात शब्द हेच सगळं, त्याच्यात चित्राआधी आवाज वाचतो ही मला खरंच मोठी कृपा वाटली. तेव्हापासून मी 'चित्र खराब आहे' म्हणून एकही डिस्क बाजूला टाकली नाही.

काही डिस्कमध्ये आयएफओ फाइल, म्हणजे कुठे काय आहे हे प्लेअरला सांगणाऱ्या, गेल्या होत्या, त्यामुळे प्लेअरला कुठून सुरू करायचं तेच कळत नव्हतं. डीव्हीडीवर प्रत्येक आयएफओची बीयूपी नावाने दुसरी प्रत असते, ती नाव बदलून वापरली की काम होतं. आणि तीही नसली तरी व्हीओबी फाइल थेट व्हीएलसी प्लेअरमध्ये ओढा, चालते. मेनू नसतो एवढंच.

सगळ्यात अवघड होती ती अर्धवट बर्न झालेली. काकीला आठवत होतं की शूटिंगवाला म्हणाला होता, लोडशेडिंगमध्ये लाइट गेली, ही बघा चालते का, नाहीतर दुसरी देतो. दुसरी कधी आली नाही. अशा डिस्कच्या शेवटी जो लीड-आऊट, म्हणजे डिस्क इथे संपली ही खूण, लिहावा लागतो तो लिहिलेलाच नसतो, म्हणून बहुतेक ड्राइव्हला ती कोरी किंवा बिघडलेली वाटते. विंडोज तर विचारतं की ही फॉरमॅट करू का, तिथे चुकूनही हो म्हणायचं नाही. पण उजेडात धरली तर लिहिलेल्या भागाची रेघ स्पष्ट दिसत होती, जवळजवळ दोन तृतीयांश भरलेली, म्हणजे माल आत आहे. अशा बंद न केलेल्या डिस्क नुसत्या वाचणाऱ्या डीव्हीडी-रॉमपेक्षा रायटरच जास्त ओळखतो. साटावाल्यांपैकी एकाने ओळखली. डीडीरेस्क्यूला डिस्कची साइज शून्य दिसत होती म्हणून इथे विंडोजवर आयसोबस्टर वापरलं, पूर्ण आवृत्ती पैसे देऊन घ्यावी लागते, पण बंद न केलेल्या आणि अनेक सेशनच्या (म्हणजे अनेक वेळा थोडं थोडं लिहिलेल्या) डिस्कसाठी घेतलेले पैसे वसूल. त्याने ट्रॅक दाखवला, फाइलींची यादीही दाखवली, कारण यादी डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिली जाते, पण शेवटच्या फाइली नावालाच, त्यांच्या जागी काही नाही. ट्रॅकची इमेज काढली आणि जिथे लाइट गेली तिथपर्यंतचं नाटक मिळालं. आड दशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, पूर्ण आहे, गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुराची सगळी धमाल, आणि आख्यान सुरू होऊन नारद आत येतो तिथे संपतं. पुढचं कधी लिहिलंच गेलं नाही त्यामुळे ते कुठलंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही.

एक ऑडिओ सीडी पण होती, पायपेटी आणि गजर. ऑडिओ सीडीवर डेटा सीडीसारखा चूक-दुरुस्तीचा जादाचा थर नसतो, म्हणून तिच्यासाठी सीडीपॅरानोया वापरलं, ते तोच भाग पुन्हा पुन्हा एकमेकांवर ठेवून वाचतं आणि जुळवतं. ती बऱ्यापैकी आली.

आता ज्यासाठी मुख्य म्हणजे हे लिहायला बसलो ते. एका नाटकाच्या दुसऱ्या डिस्कचा शेवटचा पट्टा कुठल्याच ड्राइव्हवर येईना. तिन्ही ड्राइव्ह, सरळ, उलट, हळू, सगळं झालं, शेवटची दहा-बारा मिनिटं गेलेली. फोनवर काकीला सांगितलं तर म्हणाली, अरे पेटीवाल्याकडे पण हीच सीडी आसतली, तेव्हा सगळ्यांनी एकेक घेतलेली. पेटीमास्तर आता थकलेत, त्यांच्या मुलाने शोधून काढली आणि एका ओळखीच्याबरोबर पाठवली. ती आमच्यापेक्षाही वाईट दिसत होती, मधोमध एक लांब वळणदार ओरखडा, अगदी डेटाच्या दिशेने गेलेला. प्लेअरमध्ये ती निम्म्यावर जाऊन कायमची अडकायची म्हणून त्यांनी टाकायलाच काढलेली. पण कड स्वच्छ होती.

दोन प्रती जोडायच्या तर दोन्ही एकाच इमेजवरून मारलेल्या पाहिजेत, सेक्टर न् सेक्टर सारखा पाहिजे, नाहीतर खिचडी होईल. ते तपासायला डिस्कच्या सुरुवातीच्या माहितीत व्हॉल्यूम कधी तयार केला त्याची तारीख-वेळ असते, ती दोन्हींवर सेकंदापर्यंत सारखी निघाली. फाइलींच्या साइज बाइटपर्यंत सारख्या. तरी सुरुवातीचे काहीशे एमबी दोन्हींतून वेगळे काढून चेकसम (डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळवले, जुळले. मग आमच्या डिस्कच्या इमेजची आणि मॅपफाइलची आधी एक कॉपी बाजूला ठेवली, पेटीमास्तरांची डिस्क ड्राइव्हमध्ये घातली आणि डीडीरेस्क्यूला तीच इमेज, तीच मॅपफाइल दिली. त्याने ओरखड्याच्या भागाकडे बघितलंही नाही कारण तो आमच्या प्रतीतून आधीच आलेला, थेट कडेला गेला आणि राहिलेलं वाचायला लागला. आकडा चढत चढत 100 टक्क्यांवर गेला. दोन डिस्क, दोन्ही घरांनी कचऱ्यात काढलेल्या, आणि दोन्ही मिळून एक पूर्ण नाटक, चौकोन नाही, टिक नाही. मी रात्री दोन वाजता काकीला फोन करणार होतो, बायकोने अडवलं.

म्हणून आता माझं सगळं लक्ष सॉफ्टवेअरपेक्षा दुसऱ्या प्रती शोधण्यावर आहे. नाटकात असलेले, पेटी-मृदंग-झांजवाले, ज्यांनी जत्रेला नाटक दिलं ते गावचे मानकरी, यांच्या घरी त्याच डिस्क असतात, प्रत्येकाची वेगळ्या ठिकाणी खराब झालेली. ज्याची एकच प्रत आहे तिच्यावर रात्र रात्र घालवण्यापेक्षा दुसरी मिळाली तर तासाभरात काम होतं.

जे निघालं ते असं ठेवलंय. मूळ इमेज आहे तशी, तिची मॅपफाइल आणि चेकसम, दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, एक ठाण्याला एक गावी. फोनवर बघायला त्यातून एमपी4 बनवून पेनड्राइव्हवर दिले, पण मूळ इमेज पुसली नाही कारण उद्या दुसरी प्रत मिळाली तर भोकं त्याच इमेजमध्ये भरायची आहेत. परत डीव्हीडीवर मारल्या नाहीत. खराब डिस्कही फेकल्या नाहीत, प्रत्येकीला वेगळी कडक केस, उभ्या ठेवल्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

गोंद सुटलेल्या त्या डिस्कमधून काहीच आलं नाही, तिची दुसरी प्रत अजून सापडलेली नाही. कर्णाच्या नाटकाची तिसरी डिस्क चित्राने अपुरी आहे. आणि लाइट गेलेल्या नाटकाचं आख्यान, ते शूटिंगवाल्याने दुसऱ्या कोणाला पूर्ण मारून दिलं असेल तर असेल. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मी ड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊनच गावी जाणार आहे, कुडाळ-वेंगुर्ला पट्ट्यात ज्यांच्याकडे 2005 ते 2010 मधल्या दशावताराच्या सीड्या पडल्या असतील, चालत नसल्या तरी, त्यांनी त्या पुसू नका, घासू नका, स्टिकर काढू नका, फक्त काढून ठेवा, मी घरी येऊन इमेज काढून देईन आणि डिस्क तुमच्याकडेच राहील.